निधनवार्तेत आईच्या नोकरीलाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईचे गेल्या महिन्यात साताऱ्यात वयाच्या 68व्या वर्षी निधन झाले आणि त्याची वार्ता दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. ती कोणाची पत्नी, कोणाची आई आणि कोणाची सासू होती हे त्या वार्तेत होते. ती धार्मिक वृत्तीची व मनमिळाऊ स्वभावाची होती असेही लिहिले होते. तिच्या पश्चात पती, दोन मुली, जावई व नातवंडे असा परिवार असून रक्षाविसर्जनाचा विधी संगम माहुली येथे होईल, हेही व्यवस्थित कळवले होते. सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात तिने 1979 ते 2015 अशी 36 वर्षे आधी आरोग्यसेविका आणि नंतर आरोग्यसहायिका म्हणून नोकरी केली, हे मात्र त्यात कुठेच नव्हते. मजकूर कोणी दिला आणि कोणी कापला याचा शोध घेण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, कारण आपल्या भागातल्या स्त्रियांच्या निधनवार्ता वर्षानुवर्षे याच पद्धतीने लिहिल्या जातात.

त्याच दिवशी त्याच स्तंभात ज्या पुरुषांच्या निधनाच्या वार्ता होत्या, त्यांपैकी कोणी निवृत्त मुख्याध्यापक होते, कोणी विकास सेवा सोसायटीचे माजी अध्यक्ष होते, तर कोणी एसटीतून निवृत्त झालेले वाहक होते. प्रत्येकाच्या नावासोबत त्याचे काम होते, आणि ते असायलाच हवे. बाईच्या नावासोबत मात्र फक्त घर येते. घर होतेच, आणि ते तिने जीव लावून सांभाळले. पण ज्या कामात तिचे उभे आयुष्य गेले, ज्या कामासाठी तिने आम्हा मुलींची आजारपणे सासूच्या हवाली केली आणि ज्या कामामुळे जावळीपासून माणपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर माणसे तिला ओळखत होती, त्याचा एका शब्दानेही उल्लेख होऊ नये याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणून ती कोण होती ते मी येथे सविस्तर लिहीत आहे.

ग्रामीण भागातील वाचकांना आरोग्यसेविका म्हणजे कोण हे सांगण्याची गरज नाही. गावात तिला नर्सबाई म्हणतात. सरकारी निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात 5000 आणि डोंगराळ भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात. उपकेंद्रात ही बाई असते. गरोदर स्त्रियांची नोंदणी आणि तपासणी, बाळंतपणे, लसीकरण, कुटुंब कल्याण, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडली की नाही हे पाहणे आणि या सगळ्याच्या नोंदवह्या लिहिणे, हे सारे तिच्याकडे असते. आई या नोकरीत आली तेव्हा ती 22 वर्षांची होती, आणि तिची पहिली नेमणूक जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी झाली.

तो भाग ज्यांनी केवळ पर्यटनाला जाऊन पाहिला आहे, त्यांना त्या काळच्या फिरतीची कल्पना येणार नाही. कोयना धरणाच्या पाण्याखाली खोऱ्यातली गावे गेली, बरीच माणसे दूरच्या जिल्ह्यांत पुनर्वसनाला गेली आणि जी मागे राहिली ती डोंगराच्या अंगाने छोट्या छोट्या वाड्या करून राहिली. पलीकडच्या काठाला जायचे तर लाँच, लाँचमधून उतरले की चढण, आणि पावसाळ्यात तीच वाट ओढ्यांनी अडलेली. पावसाचे चार महिने तिकडची माणसे आपल्या हिमतीवर काढत, आणि त्या चार महिन्यांत ज्या बायांचे दिवस भरणार असत त्यांची यादी आई मे महिन्यातच करून ठेवीत असे. कोणाला माहेरी अलीकडच्या काठाला आणून ठेवता येईल, कोणाच्या घरी अनुभवी सुईण आहे, कोणाचे आधीचे बाळंतपण अवघड गेले होते, हे सगळे त्या यादीत असे. गावच्या सुईणींना तिने कधी कमी लेखले नाही. दाई प्रशिक्षणात शिकवायचे ते त्यांना ती त्यांच्याच शब्दांत सांगत असे: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवे, नाळ बांधायचा दोरा उकळलेला आणि नाळेवर शेण, राख, हळद काहीही लावायचे नाही. नवजात बाळाच्या धनुर्वाताने त्या भागात मुले दगावत असत. गरोदरपणात बाईला दिलेली धनुर्वाताची लस आणि ही एवढी स्वच्छता यांनीच तो आजार हटला, आणि 2015 मध्ये, म्हणजे आईच्या निवृत्तीच्याच वर्षी, भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ती बातमी तिने कापून ठेवली होती.

लसीकरणाच्या दिवसाची तिची तयारी मी लहानपणी रोज पाहिल्यासारखी आठवते. 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि उपकेंद्रात व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस थंड ठेवून नेण्याची पेटी, आला. त्यात चार बाजूंना चार आइसपॅक आणि मधोमध लसीच्या कुप्या. आइसपॅक फ्रीझरमधून काढले की ती ते लगेच कॅरिअरमध्ये भरत नसे. ओट्यावर मांडून ठेवी, थोड्या वेळाने एकेक उचलून कानाशी धरून हलवी आणि आत पाणी खुळखुळल्याचा आवाज आला, की मगच तो पॅक पुसून कॅरिअरमध्ये ठेवी. याचे कारण मला तिने फार नंतर सांगितले. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. पोलिओची लस उष्णतेने खराब होते, तर त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची एकत्रित) आणि धनुर्वाताची लस गोठली की निकामी होते, आणि निकामी झालेली लस दिसायला मात्र तशीच दिसते. घट्ट गोठलेला पॅक कुपीला टेकला, तर ती लस मुलाला टोचूनही न टोचल्यासारखी. आईच्या हातात काळजी घेणे तेवढे होते, आणि ती काळजी कोणी पाहत नसतानाही घ्यायची होती. लाँचमध्ये बसली की कॅरिअर ती मांडीवर घेत असे, कारण खाली इंजिनाची धग लागे. बरोबरची माणसे म्हणत, बाई, ठेवा की खाली, कोण नेतंय! ती हसून मांडीवरच ठेवीत असे.

एका बाळंतपणाविषयी मला लिहिलेच पाहिजे, कारण रक्षाविसर्जनाच्या दिवशी त्या घरातली माणसे माहुलीला आली होती. जलाशयापलीकडच्या एका वाडीत रात्री बाई बाळंत झाली, वार पडली, पण रक्तस्राव थांबेना. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 मध्ये सुरू झाली. मी सांगते आहे तो काळ त्याच्या तीस वर्षे आधीचा. आईने रक्तस्राव थांबवणारे मेथर्जिनचे इंजेक्शन दिले, बाळाला छातीशी लावले आणि बाळंतिणीच्या ओटीपोटावर हात ठेवून गर्भाशय चोळत राहिली. चार माणसांनी बांबूला झोळी बांधून तिला उतारावरून काठापर्यंत आणले, लाँचवाल्याला उठवले, आणि बामणोलीला जीप मिळून कासच्या पठारावरून साताऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडले होते. झोळी चालत असताना एका अंगाने चालत आणि लाँचमध्ये, जीपमध्ये गुडघ्यावर बसून आईने तो हात काढला नव्हता, कारण हात काढला की गर्भाशय पुन्हा सैल पडते. बाई वाचली. पुढे तिला आणखी एक मुलगा झाला आणि तो आज मुंबईत नोकरीला आहे. त्या बाईच्या सासूबाई आता फार थकल्या आहेत, तरी त्या लाँच आणि एसटी करून आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "बाईंनी माझ्या दोन्ही सुना सोडवल्या. तुमच्याकडं पेपरात हे का नाही आलं?" हे पत्र लिहिण्याचे कारण खरे तर त्यांचा तो प्रश्न आहे.

माझा जन्म 1983 चा. त्या वेळी सरकारी नोकरीत बाळंतपणाची रजा 90 दिवसांची होती. वडील सातारा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते, आणि पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीसाठी केलेले अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत, त्यामुळे ते शनिवारी येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. मी तीन महिन्यांची असताना आई कामावर रुजू झाली. उपकेंद्रामागच्या दोन खोल्यांत माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, आमच्यापाशी येऊन राहिली. आजी स्वतः कधी शाळेत गेलेली नव्हती, पण सुनेने नोकरी सोडावी असे ती एकदाही म्हणाली नाही. आई ज्या काळात गावोगावच्या बायांना बाळाला अंगावर पाजण्याचे महत्त्व सांगत फिरत होती, त्याच काळात तिचे स्वतःचे तान्हे मूल घरी वाटी-चमच्यावर होते. ही गोष्ट तिला बोचत असे, हे मला माझ्या मुलाच्या जन्मानंतर कळले. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, तेव्हा ती बातमी वाचून ती मला म्हणाली होती, "उशिरा का होईना, मुलींना मिळालं." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तो तिच्या स्वभावातच नव्हता.

तिच्यातली आई कुठे संपत होती आणि नर्सबाई कुठे सुरू होत होती, हे आम्हा बहिणींना लहानपणी वेगळे काढता येत नसे, आणि आजही येत नाही. महिनाअखेरीला मासिक अहवाल करायचा असे. रात्री जेवणे झाली की ती सतरंजी पसरून सगळ्या नोंदवह्या मांडी: पात्र जोडप्यांची, गरोदर मातांची, जन्म-मृत्यूची, लसीकरणाची. आम्हा दोघींना एकेक रकाना दिला जाई आणि त्याची बेरीज करायची असे. मी हातच्याची बेरीज शाळेत शिकण्याआधी आईच्या अहवालावर शिकले. एकदा धाकट्या बहिणीने बालमृत्यूच्या रकान्यातला आकडा वाचून विचारले, की हे एक बाळ कोणाचे? आईने त्या बाळाचे घर सांगितले, त्याच्या आईचे नाव सांगितले आणि त्याला काय झाले होते तेही सांगितले. अहवालातल्या प्रत्येक आकड्यामागचे घर तिला माहीत असे. आज मी बँकेत काम करते, दिवसभर आकड्यांत असते, आणि कोणत्याही तक्त्याकडे पाहताना तिची ती सवय माझ्या मदतीला येते.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांना ती क्वचित आली. दहावीच्या परीक्षेच्या पहिल्या पेपरला मला सोडायला वडील आले होते, कारण तिच्या भागात गॅस्ट्रोची साथ होती. परंतु त्या दिवशी पहाटे उठून तिने माझ्यासाठी थालीपीठ केले, डब्यासोबत मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली दिली आणि पाणी उकळलेलेच पी, असे दोनदा बजावले. तिच्या प्रेमाची रीत ही अशी होती. नखे पाहणे, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते पाहणे, पाठ थोपटता थोपटता ताप मोजणे. जवळ घेऊन लाड करण्याइतका वेळ तिच्यापाशी फार नव्हता, पण तिचा हात आमच्या अंगावरून रोज फिरलेला असे.

या नोकरीची एक बाजू कठीण होती आणि ती लिहिल्याशिवाय तिच्याविषयी लिहिलेले पुरे होणार नाही. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट त्या काळी प्रत्येक आरोग्यसेविकेला ठरवून दिलेले असे. मार्च महिना जवळ आला, की 'केसेस किती झाल्या' हा एकच प्रश्न बैठकांत विचारला जाई. एका वर्षी तिला एका तरुण बाईला शिबिराला आणण्यास सांगण्यात आले. त्या बाईला दोन मुली होत्या, धाकटी अशक्त होती आणि तिचे वजन वाढत नव्हते. हे मूल जगेल याची खात्री पटल्याशिवाय मी हिला शस्त्रक्रियेचा आग्रह करणार नाही, असे आईने सांगितले. तिची त्या वर्षीची वेतनवाढ रोखली गेली आणि पुढच्या बदलीत तिला माण तालुका मिळाला. ते कोणी केले याच्याशी आता मला कर्तव्य नाही. तिने त्याविषयी घरात तक्रारीचा सूर काढला नाही. ती अशक्त मुलगी अंगणवाडीत जाऊ लागल्याचे मात्र तिने पुढे चौकशी करून जाणून घेतले. सरकारने एप्रिल 1996 पासून वरून लादलेली उद्दिष्टे रद्द केली, तेव्हा तिच्यासारख्या कितीतरी जणींचे म्हणणे बरोबर होते हेच मान्य झाले, असे मी मानते.

जावळीच्या पाण्यातून ती माणच्या दुष्काळात गेली. तिथे पावसाने वाट अडत नसे, तिथे पाणीच नसे. टँकर आला की विहिरीत ओतलेल्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहण्यासाठी ती ओटी टेस्ट करी. नळीतल्या पाण्याला पिवळा रंग आला, की बायांना भरा म्हणे, नाही तर टीसीएल टाकून थांबायला लावी, आणि उन्हात रांगेत उभ्या असलेल्या बाया तिच्यावर चिडत. मेंढपाळ कुटुंबे मेंढरे घेऊन कोकणाकडे निघण्याआधी त्यांच्या मुलांच्या कार्डांवर पुढच्या डोसाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून, वाटेत जे सरकारी केंद्र लागेल तिथे हे कार्ड दाखवा, असे ती सांगत असे. पुढल्या वर्षी ती कार्डे परक्या गावच्या शिक्क्यांनिशी परत येत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिला सर्वांत समाधान कशाने मिळाले, असे मी एकदा विचारले होते, तेव्हा तिने हीच कार्डे सांगितली होती.

नंतरची वर्षे कोरेगाव भागात, ऊसपट्ट्यात गेली. देशातील पल्स पोलिओची पहिली फेरी 9 डिसेंबर 1995 रोजी झाली, आणि त्यानंतर किती रविवार आमच्या घरात पोलिओचे म्हणून गेले याची गणती नाही. बूथवर येणाऱ्या मुलांची तिला काळजी नसे. तिला काळजी होती ती बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या आणि वीटभट्ट्यांवरच्या मुलांची, कारण त्यांचे नाव कुठल्याच गावच्या यादीत नसे. टोळी अंधारातच फडाकडे निघते म्हणून ती त्याआधी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, पोचत असे; एखादे मूल बैलगाडीत झोपलेले सापडले, तर त्याला जागे करून दोन थेंब पाजी आणि डाव्या करंगळीवर शाईची खूण करी. घरोघरच्या फेरीत दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स' लिहायचे असते, मूल राहिले असेल त्या घरावर एक्स. कोपीला दार कसले? ती पाचटाला कापडाची चिंधी बांधून खूण करीत असे आणि संध्याकाळी टोळी परतल्यावर पुन्हा जात असे. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा ती आरोग्यसहायिका झाली होती, तिच्या हाताखाली तरुण सेविका होत्या, आणि आता फेऱ्या कमी होतील का असे विचारणाऱ्या मुलींना तिने सांगितले, की शेजारच्या देशांत रोग आहे तोवर आपला रविवार चुकणार नाही.

निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या आमच्या घरी बाया येतच राहिल्या. कोणाच्या सुनेला उलट्या थांबत नाहीत, कोणाचे बाळ रात्रभर रडते. तिच्याजवळ अॅल्युमिनियमचा एक जुना फिटोस्कोप होता, स्वतःच्या पैशांनी घेतलेला. गरोदर बाईच्या पोटावर त्याचे रुंद तोंड टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून, हाताने काहीही न धरता ती बाळाचे ठोके ऐके आणि मनगटावरच्या घड्याळात पाहत मोजी. मिनिटाला 120 ते 160 असले की ठीक. मोजून झाल्यावर ती फिटोस्कोप तसाच ठेवून बाजूला होई आणि त्या बाईच्या सासूला, कधी नवऱ्याला, कान लावायला सांगे. सोनोग्राफीच्या काळात याची गरज काय, असे मी विचारले, तर ती म्हणाली, "घरच्यांनी ऐकलं की तिला जड उचलायला लावत नाहीत." 2021 च्या मार्चमध्ये ज्येष्ठांचे कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा ती रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर आल्यावर कुपी किती वाजता उघडली, ते तिने त्या तरुण परिचारिकेला विचारले. त्या मुलीने कुपीवर लिहिलेली वेळ दाखवली. आईने तिच्या पाठीवर शाबासकी दिली.

महाराष्ट्रातील माता मृत्यूचे प्रमाण नमुना नोंदणी पाहणीनुसार 2001 ते 2003 या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 149 होते. 2018 ते 2020 या काळात ते 33 पर्यंत खाली आले. याचे श्रेय योजनांना, रस्त्यांना, रुग्णवाहिकांना आणि मुलींच्या शिक्षणाला आहेच. पण प्रत्येक योजना शेवटी ज्या बाईच्या हातांतून घरात पोचली, तिचे नाव कोणत्याही अहवालात नसते. ते निदान तिच्या निधनवार्तेत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा सातारा जिल्हा सावित्रीबाई फुले यांचा आहे. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे त्यांचे जन्मगाव, आणि खटाव तालुक्यातील कटगुण हे जोतिराव फुले यांचे मूळ गाव. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. आपण त्यांना जोतिरावांच्या पत्नी म्हणून ओळखतो, पण त्यांची जयंती साजरी करतो ती त्यांच्या कामासाठी. आरोग्य केंद्रात 3 जानेवारीला त्यांच्या प्रतिमेला हार घालण्याचे काम आईकडे असे. ज्या जिल्ह्याने देशाला बाईच्या कामाचा मान दाखवला, त्या जिल्ह्यातल्या बायांच्या निधनवार्ता त्यांच्या कामाविना छापल्या जाऊ नयेत.

माझी विनंती अगदी साधी आहे. निधनवार्तेसाठी वृत्तपत्राचे वार्ताहर आणि कार्यालये घरच्यांकडून जी माहिती घेतात, तीत स्त्रीच्या बाबतीतही नोकरी, व्यवसाय किंवा कामाची माहिती आवर्जून विचारावी. शोकाकुल घरात ही गोष्ट सुचत नाही. विचारणाऱ्याने विचारली तर नक्की सांगितली जाईल. हे फक्त पगारी नोकरीपुरते नसावे. जिने हयातभर शेती केली तिला शेतकरी म्हणावे. जिने खानावळ चालवली, शिवणकाम केले, सुईणपण केले, तिचे ते काम लिहावे. त्यासाठी एक ओळ पुरते, आणि ती ओळ नातवंडांच्या पिढीला आपली आजी कोण होती हे सांगायला उपयोगी पडते. माझ्या मुलाने वार्तेचे कात्रण शाळेत नेले होते. त्याच्या बाईंनी ते वाचून आजी घरीच असायच्या का, असे विचारले, तेव्हा त्यालाच सगळे सांगावे लागले.

दुसरी एक सूचना करते. 1970 आणि 1980 च्या दशकांत नोकरीला लागलेल्या आरोग्यसेविका, ग्रामसेविका, अंगणवाडी सेविका, टेलिफोन ऑपरेटर आणि प्राथमिक शिक्षिका आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी अनेकजणी सातारा, कराड, फलटण, वाई येथे मुलांकडे राहतात आणि त्यांच्याशी बोलायला कोणी जात नाही. त्या हयात असतानाच त्यांच्या कामाची माहिती आपल्या वृत्तपत्राने मिळवून 12 मे या परिचारिका दिनी किंवा 3 जानेवारीला प्रसिद्ध करावी. आईबरोबर काम केलेल्या काही भगिनींशी माझा संपर्क आहे आणि त्यांची बोलण्याची तयारी आहे. आईच्या फिरतीच्या डायऱ्या, जुन्या लाँचमधली काही छायाचित्रे आणि तिच्या हातची लिहिलेली गरोदर मातांची एक यादी आमच्याकडे सांभाळून ठेवलेली आहे. त्या यादीतली कुटुंबांची नावे झाकून हे सर्व साहित्य मी आपल्या सातारा कार्यालयात आणून द्यायला तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, सातारा